खालून बघणारे जोमाकाका

जोमाकाका कुठलाही कागद खालून वर वाचायचे. लग्नाची पत्रिका, ग्रामपंचायतीची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, काहीही असो. आधी शेवटची ओळ, मग तिच्या वरची. मथळा सगळ्यात शेवटी, आणि तोही वाचला तर वाचला.

माझी त्यांची ओळख याच सवयीपायी झाली. मुंबई पाण्यात बुडाली त्याच्या पुढचं वर्ष होतं. आमची ‘जमीन बचाव’ समिती नवी होती आणि मी धामणकर नाक्यावर रिक्षा स्टँडजवळ पत्रकं वाटत उभा होतो. ‘गोदामांचा विळखा तोडा!’ हा मथळा माझा होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता. पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल, गळ्यात सोन्याची जाड साखळी असा एक उंच म्हातारा आला. त्याने पत्रक घेतलं, डोळ्याजवळ नेलं आणि तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.

“काय रं पोरा, यो छापखाना कंचा?”

“पत्ता दिलाय ना काका. मजकूर वर आहे, तो वाचा.”

“मजकूर वरच असतो. याच छापखान्यात गोदामवाल्यांची क्यालेंडरं निघतात. तुना ठाव हाय का?”

मला ठाऊक नव्हतं. मी तावातावाने म्हटलं, “त्याचा इथे काय संबंध?”

“संबंध न्हाय तं नाव येवढं बारीक कशाला? मोठं छाप!” पत्रकाची घडी करून त्यांनी खिशात टाकली. “वरून सगल्यांचंच झ्याक दिसतं, पत्रकवाल्या.”

तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव पत्रकवाला. खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलेल्यावर त्यांनी विश्वास ठेवला असता असं मला वाटत नाही.

ते पूर्णा गावचे. भाताची शेतं विकून बंगले बांधलेल्या पिढीतले. उगाच त्यांना हुतात्मा करायला मी बसलेलो नाही. त्यांनीही जमीन विकली होती, त्यांच्याही दारात संगमरवर होता. राहिलं होतं फक्त खाडीकडचं एक शेत. त्या शेताच्या कडेने पावसाचं सगळं पाणी खाडीला जायचं. तिथे भराव पडला असता तर पाणी उलटून मागच्या कातकरी वाडीत शिरणार होतं. हे कळायला इंजिनियर लागत नाही, डोळे लागतात. गोदामवाल्यांना तेच शेत हवं होतं आणि आमच्या समितीला तेच वाचवायचं होतं. म्हणून मी जोमाकाकांच्या ओटीवर जाऊ लागलो. चहा मिळायचा, आणि चहाबरोबर उलटतपासणी. समितीचा अध्यक्ष कोणाच्या गाडीतून फिरतो, बॅनरचं कापड कोणत्या लूमवाल्याने दिलं, मी लग्न का केलं नाही. एकदा मी चिडून विचारलं, “काका, तुमचा विश्वास तरी कोणावर आहे?”

“म्हशीवर,” ते म्हणाले. “ती लाथ मारायच्या आधी कान पाडते.”

पप्पूशेठ कान पाडणाऱ्यातला नव्हता. आधी त्याचे लूम होते, ते बंद करून तो जमिनीच्या दलालीत उतरला होता. काका ऐकत नाहीत म्हटल्यावर त्याने त्यांच्या मुलाला धरलं. निलेशचं लग्न ठरलं होतं, आणि नवरदेव म्हणून उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमधून मिरवायचं असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. पप्पूशेठने निरोप धाडला: शेताचा कागद करा, ठरलेल्या भावावर दोन शिटांची इम्पोर्टेड गाडी माझ्यातर्फे. लाल आहे, चंदेरी आहे, आवडेल ती उचला. दोन्ही वापरलेल्या. मुंबईच्या बड्या पोरांनी हौस फिटल्यावर टाकून दिलेल्या.

माझं डोकं भडकलं. एका वाडीच्या उंबऱ्यात पाणी शिरवायचं आणि वर बक्षीस म्हणून कोणाची तरी जुनी हौस द्यायची! मी त्याच दिवशी पत्रकाचा मसुदा लिहून काढला. आणि जोमाकाका काय म्हणाले? “गाडी मी पसंत करनार. पसंत झाल्याबिगर कोनी सही करायची न्हाय. निलेश, तुना मंजूर?” निलेशला आनंदाने मंजूर. पप्पूशेठलाही मंजूर. मला मात्र दाट संशय आला की म्हातारा विकला गेला.

“चल पत्रकवाल्या, तू पन बग,” म्हणून ते मला बायपासवरच्या गाळ्यात घेऊन गेले. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, टप मागे दुमडलेले, अंग तेल लावल्यासारखं चकचकीत. काकांनी लाल गाडीला एक फेरी मारली.

“ही गाडी हाय का बसायचा पाट? आपल्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात पोट घासंल.”

“काका, स्पोर्ट्स आहे. नीचीच असते,” पप्पूशेठ म्हणाला.

“आनि छप्पर काढून ठेवायचं म्हंजे पावसाला सांगून ठेवलाय काय?”

निलेश ओशाळून म्हणाला, “बाबा, बटन दाबलं की लागतं ते.”

“तुजं पन कुठं बटन असतं तं बरं झालं असतं.” एवढं बोलून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर पसरला आणि ते सरळ गाडीखाली आडवे झाले. नुसते पाय बाहेर. गाळ्यातली माणसं हसायला लागली. थोड्या वेळाने आतून एक हात आला. त्यात सुकलेल्या गाळाचं ढेकूळ होतं.

“पप्पूशेठ, तुजी मेमसाब पोहून आली वाटतं.”

“अरे काका, रस्त्याचा कीचड आहे तो!”

“बंद पत्र्याच्या आतल्या खोबणीत रस्ता कुठून आला?”

मग ते चंदेरी गाडीखाली शिरले. तिच्या पोटाला आडवा, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत वेल्डिंगचा वण होता. पुढचा भाग एका गाडीचा, मागचा दुसरीचा. काका बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाले, “हिचं लगीन आधीच झालंय की रं.”

पप्पूशेठ कसनुसा हसला. “काका, सेकंड हँड माल आहे. थोडं तर असणारच ना?”

“मंग शेत पन सेकंड हँड घे. माज्या बापानं वापरलेलं हाय.”

पण ते नाही म्हणाले नाहीत, ही गोष्ट मला खटकली. आठवडा उलटून गेल्यावर, कोणाला न सांगता, ते मला घेऊन पुन्हा त्या गाळ्यात गेले. ही त्यांची पद्धतच होती. मुलीला स्थळ बघायलाही ते दोनदा गेले होते, एकदा बोलावल्यावर आणि एकदा न बोलावता. “पयली खेप त्यांची, दुसरी आपली,” म्हणायचे. या खेपेला लाल गाडीखालचा गाळ गायब होता. पोट पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन वर ताजा काळा रंग मारला होता. काकांनी बोट लावून बघितलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि टॉवेलला पुसलं.

त्यानंतर त्यांचं हेच सुरू झालं. आज टपावर बादलीने पाणी ओतून बघ, उद्या कल्याणचा मिस्त्री आण, परवा डिकीत नारळाचं पोतं मावतं का बघ. पावसाळा गेला, दिवाळी गेली. गावात लोक म्हणायला लागले की जोमाला गाडीचा नाद लागला. समितीतले माझ्याकडे बघून हसायचे. ते वेळ काढतायत की खरंच भुललेत, मला ठरवता येत नव्हतं. कारण, खोटं कशाला लिहू, लाल गाडीच्या स्टिअरिंगमागे बसले की त्यांचा चेहरा उजळायचा. एकदा तर हॉर्न वाजवून स्वतःशीच हसले.

आणि लग्नाची तारीख जवळ आल्यावर एक दिवस कळलं, काकांनी लाल गाडी पसंत केली. बुडालेली!

मी तडक पूर्ण्याला गेलो. “काका, ती पाण्यातून काढलेली गाडी आहे, तुम्हीच सांगितलंत. तुम्ही वाडीला विकलंत!”

ते ओटीवर सुपारी कातरत होते. “वराडू नको. चंदेरीचं एक खोटं मना सापडलं, पन ती दोन गाड्यांची. म्हंजे दुसरं खोटं आत कुठं तरी असनारच. लालीचं सगलं खोटं मना ठाव हाय. ज्याचं खोटं ठाव हाय तेच घ्यावं.”

“आणि शेत?”

“परवा ये. पत्रकं आनू नको. डोले आन.”

ठरल्या दिवशी बंगल्यासमोर लाल गाडी हार घालून उभी होती. ओटीवर पप्पूशेठ, त्याचा वकील, टेबलावर कागद. शेत आजोबांकडून आलेलं, म्हणून कागदाला काका, निलेश आणि मुलगी संगीता अशा तिघांची गरज होती. संगीताताई दिघाशीला दिलेली. तिने फक्त हक्कसोडपत्रावर सही करायची होती, म्हणजे आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा. आमच्याकडे बहिणींना हे कोणी विचारत नाही, बोलावून घेतात. साडी देतात, सही घेतात. ताईसुद्धा त्याच तयारीने आली होती. हातात पेन होतं आणि वकील बोटाने जागा दाखवत होता.

“थांब,” काका म्हणाले. “आधी वरात कशी निघनार ती बगू. मना बगायचीय. निलेश, बस. पप्पूशेठ, तुजा ड्रायव्हर बसव.”

ड्रायव्हर बसला. शेजारी निलेश बसला, गॉगल लावून. शेजारच्या बाया कौतुकाने पुढे आल्या.

“झ्याक!” काका म्हणाले. “आता करवली बसव.”

आमच्या भागात नवरदेवाची बहीण, म्हणजे करवली, हातात शकुनाचा दिवा घेऊन, त्याच्या शेजारी बसते. ती बसल्याशिवाय गाडी हलत नाही. हे तिथल्या प्रत्येकाला पोटातून ठाऊक होतं. आणि इतके महिने टप, रंग, हॉर्न बघताना, माझ्यासकट, एकाही माणसाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता.

“ताई मागच्या जीपमध्ये बसतील ना,” पप्पूशेठ म्हणाला. “एसी जीप देतो.”

“जीपमदी?” संगीताताईने पेन खाली ठेवलं. “दिवा मागं आनि नवरा पुढं?”

निलेश घाईने म्हणाला, “ड्रायव्हरला उतरव, मी चालवतो. तू बस माझ्या बाजूला.”

एक म्हातारी खो खो हसली. “मुंडावल्या बांधून गियर टाकनार का रं?” मग सगळ्याच हसल्या.

“अगं ताई, एका दिवसाची गोष्ट आहे,” निलेशचा आवाज चढला. “एवढ्यासाठी अडून बसतेस?”

ताई त्याच्याकडे वळली. तिचं बोलणं मोठं नव्हतं, पण ओटीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. “एका दिवसाची म्हनून गाडीत जागा न्हाय. आनि या कागदावर माजी जागा कुठं हाय? खाली, बारीक. सोडायला.” तिने कागद वकिलाकडे सरकवला. “तुमच्या गाडीत मी मावत न्हाय. मंग माज्या शेतात तुमचं गोदाम पन मावत न्हाय.”

पप्पूशेठने काकांकडे बघितलं. काका गाडीचा हार सारखा करत होते.

सही झाली नाही. निलेशची वरात भाड्याच्या उघड्या जीपमधून निघाली, शेजारी दिवा घेऊन ताई. तो हळदीतसुद्धा फुगून होता. बहिणीशी वर्षभर बोलला नाही. लाल गाडी गाळ्यात परत गेली आणि पुढे कोणाच्या गळ्यात पडली, देव जाणे.

मी काकांना नंतर गाठलं. “खरं सांगा. हे तुम्ही आधीपासून ठरवलं होतं ना?”

“मी गाडी खालून बगतो,” ते म्हणाले. “शिटा वरून दिसतात.”

याहून जास्त त्यांनी कधीच सांगितलं नाही. सरळ नाही म्हणाले असते तर मुलगा तुटला असता, हे मला कळतं. पण मुलीने सही केली असती तर? मग काय केलं असतं त्यांनी? हा संशय माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये अशीच त्यांची इच्छा असणार.

काका गेले ते झोपेत. तेराव्याला मी समितीचं श्रद्धांजलीचं पत्रक घेऊन पूर्ण्याला गेलो. संगीताताईने ते हातात घेतलं, तळाची ओळ पाहिली आणि मान हलवली. छापखाना आम्ही केव्हाच बदलला होता. शेतात तेव्हा भात उभं होतं, तिनेच लावलेलं. निलेशही लावणीला उतरला होता म्हणे.

पंगत उठत होती तेवढ्यात दारात एक मोठी गाडी येऊन थांबली. पप्पूशेठ हात जोडून उतरला. दुःख व्यक्त केलं, काकांच्या फोटोला हार घातला, मग हळूच म्हणाला, “ताई, यावेळी सगळे बसतील अशी आणलीय. करवली, लग्नात धवले गाणारी धवलारीण, पूर्ण खानदान. एकदा बघून तर घ्या.”

मी ताईकडे पाहिलं. ती पायऱ्या उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून शिटांवरून हात फिरवला. मग तिने पदर कमरेला खोचला, भावाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, तो जमिनीवर पसरला आणि ती गाडीखाली आडवी झाली.

“पप्पूशेठ,” आतून आवाज आला, “कालच धुतलेली दिसते.”