काल केलेलं जग

आमच्या गवळी गल्लीत दुधाला येणारं गिऱ्हाईक आधी दुधात पाणी आहे का ते बघायचं. चर्चचे पाळकसाहेब आधी आभाळाकडे बघायचे. मग गोठ्याच्या दारात कॅन टेकवून आमच्या आप्पांना खणखणीत आवाजात विचारायचे, "काय पावणं, काल केलेलं जग आज हाय न्हवं?"

"हाय की!" आप्पा धार न थांबवता म्हणायचे.

"मग कुणीतरी सांभाळतंय बगा."

एवढं झाल्यावरच दुधाचं बोलणं. पहिल्या दिवशी त्यांनी आप्पांना पावणं म्हटलं ते ओळख नव्हती म्हणून. पुढे घरोबा झाला, सणावारी ताटं इकडून तिकडे जाऊ लागली, तरी आप्पा पावणंच राहिले.

गल्लीच्या वरच्या अंगाला, उंच जोत्यावर त्यांचं मंदिर होतं. आम्ही चर्च म्हणायचो, ते मंदिर म्हणायचे. मूळचे आजऱ्याकडचे, भाताच्या चिखलात वाढलेले, त्यामुळे अंगानं धिप्पाड आणि आवाज असा की उपासनेला लाऊडस्पीकर न लावताही शेजारी तक्रार करतील. आम्ही लिंगायत. आप्पांची शिवपूजा कधी चुकली नाही आणि साहेबांची प्रार्थना कधी चुकली नाही. दोघांपैकी कुणी दुसऱ्याला आपल्याकडे ओढायला गेलं नाही, पण देवावरून वाद मात्र रोज. मला तर वाटतं, दूध हे नुसतं निमित्त होतं.

एकदा आप्पांनी त्यांना अगदी कोंडीत पकडलं. "सा दिसांत जग केलं न् सातव्या दिवशी तुमच्या देवानं विसावा घेतला म्हणतासा. मग त्या दिवशी म्हशीची धार कुणी काढली?"

साहेब एवढे हसले की म्हशीनं दचकून दूध चोरलं. "पावणं, ह्योच प्रश्न म्या आमच्या पोरास्नी घालतो! देवानं घडवायचं थांबवलं, सांभाळायचं न्हाय. मांडववाला मांडव घालून घरला जातो. देव तसा न्हाय. चुलीवर दूध ठेवून बाई हुभी ऱ्हाती न्हवं, तसा हुभा हाय त्यो. नजर काढली की गेलं उतू."

आई आतून म्हणाली, "म्हंजे माझ्यावाणीच. कुटं जायाची सोय न्हाय बिचाऱ्याला."

पुढच्या रविवारी साहेबांनी आईचं हे वाक्य तिच्या नावासकट प्रवचनात सांगितलं. ते कानावर आल्यावर आई आठवडाभर अशी मिरवत होती की शेजारणींनी तिच्याशी बोलणं कमी केलं.

मग तो मोठा पूर आला. पंचगंगा दरवर्षी गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जायची. त्या वर्षी परतलीच नाही. नाव आली, पण नावेत माणसं घेत होते, जनावरं नाही. आप्पा गोठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. "म्हशी हितं, तर मी हितं." आई रडून रडून थकली. आमचं सगळं घर त्या म्हशींवर चालत होतं हे खरंच, पण आप्पांना तेवढंच नव्हतं. गाभण चंद्रीला दाव्याला बांधून निघून जायचं, हे त्यांच्यानं होणारच नव्हतं.

तेवढ्यात पाणी कापत पाळकसाहेब आले. "दावी सोडा, पावणं. सगळ्या वर घ्या."

"वर कुटं?"

"मंदिरात."

मंदिराच्या दारात आनंदराव उभे होते. मंदिराचा कारभार बघणाऱ्या पंचांमधले ते सगळ्यांत ज्येष्ठ. नवी फरशी त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती, आणि तिच्यावर ते स्वतःसुद्धा चप्पल घालून जात नसत. त्यांनी दोन्ही हात आडवे केले. "साहेब, देवाच्या घरात जनावरं? मला वरती कळवावं लागंल. निवृत्तीच्या तोंडावर बदनामी कशाला घेतासा?"

"कळवा की. पर आदी वाटंतनं बाजूला व्हा. म्हापुरात नोहाच्या तारवात काय नुसते पंच बसलेते व्हय?"

आनंदराव बाजूला झाले. बाकं भिंतीशी रचली गेली, खांबांना दावी बांधली गेली आणि आमच्या म्हशी नव्या फरशीवर रवंथ करत बसल्या.

रविवारी पहाटे चंद्री तिथेच व्याली. पारडी झाली. आमच्या घरात पहिला चीक महादेवाच्या पिंडीवर घालायची रीत आहे. पण नदीकाठचा महादेव पाण्याखाली गेला होता. आप्पांनी तांब्या भरून घेतला आणि वाट बघत बसले. उपासना सुरू झाली, सगळे डोळे मिटून प्रार्थना करू लागले, तेव्हा आप्पांना वाटलं, हीच वेळ. ते सरळ पुढे गेले आणि पांढरा कपडा अंथरलेल्या, जिथून भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या प्रभुभोजनाच्या मेजाच्या पायाशी त्यांनी चिकाची धार धरली.

लोकांनी डोळे उघडले. आनंदराव लालबुंद होऊन उठले. आपलं काहीतरी भलतंच चुकलं हे आप्पांना तेव्हा कळलं. आता म्हशी बाहेर जाणार, असं मी धरूनच चालले.

साहेब व्यासपीठावरून खाली उतरले. उकिडवे बसले, खांद्यावरच्या टॉवेलनं फरशी पुसली आणि वर बघून म्हणाले, "पावणं, आमच्यात ओतत न्हाईत. आमच्यात वाटून घेत्यात. ऱ्हायलंय का अजून?"

"हाय की!" सवयीनं आप्पांच्या तोंडून निघालं.

सगळं मंदिर हसलं. त्या दिवशीचं प्रवचन मी ऐकलेलं सगळ्यांत छोटं प्रवचन होतं. "भाईर पाणी हाय. आत ही पारडी हाय. त्यो अजून सांभाळतोय. आता खरवस करा." गूळ आनंदरावांच्या घरून आला. पहिली वडी साहेबांनी त्यांनाच दिली, दुसरी त्यांनी मागून घेतली. वर कळवायचं मग राहूनच गेलं. पूर ओसरल्यावर आख्खी गल्ली ती फरशी घासायला गेली होती.

असा माणूस आमच्याकडे दुधाला यायचा, याचा मला आजही गर्व आहे. सरळ गर्वच म्हणते. त्यांचा देव त्यांनी आम्हाला कधी पटवून दिला नाही. पण तो सांभाळतो म्हणजे काय करतो, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

निवृत्तीनंतर साहेब गल्लीतच खोली घेऊन राहिले. गेल्या वर्षी अंथरुणाला खिळले, तेव्हा आप्पा कॅन घेऊन त्यांच्याकडे जायचे. आवाज पार खोल गेला होता, पण प्रश्न तोच असायचा. आप्पा कान त्यांच्या तोंडाजवळ नेऊन ऐकायचे आणि खोली दणाणेल एवढ्यानं उत्तर द्यायचे.

साहेबांना माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा धारेला बसले. मंदिरात जन्मलेली ती पारडी आता दूध देते, तिच्याच धारेला. साहेब पूर्वी दुधाला यायचे ती वेळ झाली तसा आप्पांचा हात थांबला. दारात कुणी नव्हतं. आप्पांनी एकदा तिकडे बघितलं. मग घसा खाकरून, कुणी विचारलेलं नसताना, गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "हाय की, साहेब!"

आणि पुन्हा धार काढू लागले.