कचरूनं न पाहिलेली मालिका

राजूरजवळच्या एका वाडीत ग्रामपंचायतीनं टीव्ही आणला, तेव्हा कचरू पंचायतीचा शिपाई होता. टीव्हीच्या पेटीचं कुलूप उघडायचं, टीव्ही लावायचा, पुन्हा बंद करायचा, सगळं त्याच्याकडं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा काळ. रविवारी सकाळी एक मालिका लागायची. वाट चुकलेलं अंतराळयान, त्यातली चकचकीत कपड्यांची माणसं आणि दिवे लुकलुकवत बोलणारं एक यंत्र. अख्खी वाडी पंचायतीच्या खोलीत दाटीवाटीनं बसायची.

कचरू मात्र वर स्लॅबवर. अँटेनाचा पाइप वाऱ्यानं जरा फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या. त्यानं तारेनं आवळून पाहिला, दगडं रचून पाहिली, पण पाइप जागेवर राहीना. शेवटी मालिका संपेपर्यंत तो स्वतःच औरंगाबादच्या दिशेला पाइप धरून उभा राहायचा. खालून किराणा दुकानवाला भिवा ओरडायचा, "आलं, आलं! हलू नको आता!"

वर ऐकू यायचं ते नुसतं संगीत आणि लोकांचा गलका. गोष्ट त्याला बायकोकडून कळायची. दुर्गाबाई दाराशी बायकांत बसून मालिका बघायची आणि घरी भाकरी थापताना सांगायची. यानात एक लहान पोरगी होती. काचेपाशी बसायची. केस विंचरायला घेतले की पळून जायची. तिला दूधभात लागायचा, पण भात गरम असला की रुसायची.

कचरूची स्वतःची पोरगी, इंद्रायणी, चौथं वर्ष लागलं तेव्हा गोवरानं गेली होती. तिच्यानंतर मूल झालं नाही. तिचं नाव दोघंही घेत नसत.

"पोरगी काय करून राह्यली आसंल?" कचरू रविवार नसतानाही विचारायचा.

"निजली आसंल. दिवसभर नाचती, मंग दमती."

कचरू हसायचा.

पुढच्या पावसाळ्यात दुर्गाबाईला कावीळ झाली. झाडपाला झाला, भोकरदनच्या डॉक्टरचं औषध झालं, उतार पडेना. तिला पंचायतीपर्यंत चालवेना. तरी रविवार आला की तीच म्हणायची, "जा तुम्ही. लोक खोळंबले आसतील."

अशा पहिल्याच रविवारी स्लॅबवरून उतरल्यावर कचरूनं भिवाला गाठलं.

"भिवा, आज पोरीचं काय झालं?"

"कोणती पोरगी?"

"यानातली. काचेपाशी बसती ती."

"आरं, त्याच्यात पोरगी कुठंय? सगळी मोठी माणसं हायेत. कोणी सांगितलं तुला?"

कचरूनं टीव्ही बंद केला. पेटीला कुलूप लावून तो पंचायतीच्या पायरीवर बसला. खोली रिकामी झाली, लोक घरी गेले, तरी तो बसूनच होता.

घरी आला तेव्हा दुर्गाबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे पार पिवळे.

"काय झालं आज?"

कचरू तांब्याभर पाणी प्याला आणि तिच्याजवळ बसला.

"यान एका गावाला उतरलं. लई थंडी व्हती तिथं."

"आन पोरगी?"

"कुडकुडत व्हती. मंग एका बाईनं तिला पदरात घेतलं."

दुर्गाबाई त्याच्याकडं बघत राहिली. याला कळलंय, हे तिला समजलं.

"इंदीला थंडी सोसत न्हाई," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी ते नाव घरात निघालं. दोघंही रडली, आधी वेगवेगळी, मग एकमेकांना धरून.

त्यानंतर दर रविवारी कचरूच गोष्ट सांगायचा. त्याला दुर्गाबाईसारखं रंगवून जमत नव्हतं. तो अडला की ती हळू आवाजात पुढचं सांगायची. पोळ्याच्या आधीच ती गेली.

मालिका अजून चालू होती. कचरू स्लॅबवर जायचा, पाइप धरायचा, पण खाली आल्यावर कोणाला काही विचारायचा नाही.

बऱ्याच वर्षांनी वाडीत केबल आली आणि कुठल्याशा चॅनेलवर ती जुनी मालिका पुन्हा लागली. कचरू तेव्हा रिटायर झाला होता. भिवानं त्याला हाताला धरून आपल्या घरी नेलं. "सगळ्यांना दाखवली तू, आन स्वतः कधी पाह्यली न्हाई. बस इथं."

यान पुठ्ठ्याचं होतं, ते आता साफ दिसत होतं. भिवाची नातवंडं पोट धरून हसत होती. कचरू पुढं वाकून बघत होता. यानाची काच आली. तिच्यापाशी कोणीच नव्हतं. त्यानं उपरणं तोंडावर धरलं.

"काय झालं रं?"

"काही न्हाई. बंद कर जरा."

भिवानं टीव्ही बंद केला. पोरं कुरकुरली, त्यांना त्यानं बाहेर पिटाळलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा बोलवायला गेला. कचरू दारात दगडावर धोतर धूत होता.

"तू बघ," तो म्हणाला. "माझी ऐकून झालीय."

 भिवानं धोतराचं दुसरं टोक धरलं आणि तो कचरूला ते पिळू लागला.