नेपल्सची रंगीत तालीम

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील सोलापुरात यंत्रमागावर होते. कारखाना बंद पडला आणि घर आईच्या विड्यांवर चालू लागलं. तंबाखूच्या वासात बसून मी बारावीचा अभ्यास केला, इंजिनिअर झाले आणि २००३ साली एम.एस.साठी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले. हे मी कुणापासून लपवत नाही. ऐकणारे एकतर हळहळतात, नाहीतर ‘कमाल आहे हं तुझी’ म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी यातलं काहीच केलं नाही. त्या पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आयुष्यातल्या पहिल्या विमानात तू एकटीच? मग मधल्या विमानतळावर उतरल्यावर आधी काय केलंस? नीट सांग.”

ही त्यांची खोडच होती. माणूस भेटला की तो एकटा कुठे गेला होता, वाट कशी काढली, चुकला तर काय केलं, हे खोदून खोदून विचारायच्या. आमच्या वरच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या सुहासदादाची ही आई. कऱ्हाडच्या शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, पण एकटीनं प्रवास असा कधी घडलाच नाही. माहेरी भाऊ सोबतीला, सासरी काका, सहलीला वर्गभर पोरं. “जगातल्या नद्या मला तोंडपाठ,” त्या म्हणायच्या, “पण पुण्याला जायचं तरी एक जण स्टँडवर सोडायला आणि एक जण न्यायला.” काका गेल्यावर अमेरिकेला आल्या, तेव्हाही ओळखीचं एक जोडपं शोधून त्यांच्याबरोबर पाठवणी झाली होती.

आता परत जाताना त्यांना वाटेत नेपल्सला उतरायचं होतं. चार दिवस राहायचं, व्हेसुव्हियस ज्वालामुखी बघायचा, त्यानं राखेत गाडलेलं पॉम्पेई शहर बघायचं, आणि तेही एकटीनं. “दरवर्षी फळ्यावर मी तो डोंगर पेटवला आणि तास संपला की पुसून टाकला. एकदा खरा बघू दे ना मला.”

“आई, तिकडे पाकीटमार फार आहेत,” दादा म्हणाला. “ग्रुप टूर बुक करतो.”

“ग्रुपमध्ये गेले की मी मुंडकीच मोजत बसेन. हाडात मुरलंय ते.”

शेवटी दादानं अट घातली. आधी इथे एकटी फिरून दाखव, मग व्हिसाचं बघू.

त्या फेब्रुवारीपासून स्टेट कॉलेजचं नेपल्स झालं. साडी, वरून दादाचा जाड कोट, पायात स्पोर्ट्स शूज अशा काकू कॅम्पसच्या बसमध्ये पुढे बसायच्या आणि मी मागे. मला सक्त ताकीद होती, “ओळख दाखवायची नाही. मी अगदी मरायला टेकले तरच बोलायचं.” शिवाय इंग्रजी बंद. “तिथे माझं इंग्रजी कुणाला कळणार?” म्हणून दुकानात त्या हातवारे करून आणि खणखणीत मराठीत कांदे घ्यायच्या. “दादा, पिशवी नको,” असं त्या काउंटरवरच्या गोऱ्या मुलाला सांगायच्या आणि तो खरोखर पिशवी ठेवून द्यायचा. माझी नागपूरची रूममेट चिडवायची, “काय काकू, आज रोमला जाऊन आल्या का?”

“नाही गं. रोमला बस बदलावी लागते.”

मार्चमध्ये एकदा माझी परीक्षा होती, म्हणून काकू एकट्याच गेल्या. जेवायला परत येणार होत्या, दुपारचे चार वाजले तरी पत्ता नाही. दादा ऑफिसमधून धावत आला. आम्ही गाडी काढतोय तोच समोर बस थांबली आणि काकू उतरल्या. नाक लाल, बुटांना चिखल. भलत्याच बसनं त्या पार गुरांच्या गोठ्यांपर्यंत जाऊन आल्या होत्या.

“आई, मी पोलिसांना फोन करणार होतो! बास झालं. ट्रिप कॅन्सल.”

काकू जिन्याच्या पायरीवर बसून हातमोजे काढू लागल्या. “सुहास, मी चुकले. मग रस्ता ओलांडला, उलटीकडची बस धरली आणि आले. आणखी काय करायचं असतं?”

“अगं, काळजी वाटते मला.”

“तू इकडे आलास तेव्हा मला नव्हती वाटली? रडले मी. पण डबा करून दिला ना? तू पण दे.”

दुसऱ्या दिवशी दादानं व्हिसाचे कागद काढले. मे महिन्यात तर प्रवासासाठी त्यानं स्वतःच्या हातानं दशम्या केल्या. काकूंनी एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, “ऑस्ट्रेलिया बरी जमलीय.”

विमानतळावर त्यांनी माझा हात धरला, तेव्हा बोटं गार पडली होती. हळूच विचारलं, “तुलाही असंच झालं होतं?”

“हो काकू. बोर्डिंग पास दहादा तपासला होता.”

“मग ठीक आहे,” म्हणाल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

चौथ्या दिवशी नेपल्सहून फोन आला. दादानं स्पीकर लावला. “अगं, इथे गल्लीच्या वर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेत, आणि सगळे आपल्यासारखेच ओरडून बोलतात!” पॉम्पेईत त्यांनी एका पडक्या देवळाच्या पायऱ्यांशी बूट काढले, प्रदक्षिणा घालावी तशा फिरल्या आणि भलत्याच बाजूनं बाहेर पडल्या. सगळ्या भिंती सारख्याच दिसायला लागल्या. तापलेल्या काळ्या दगडांवरून अनवाणी चालत पहारेकऱ्याला गाठलं, पाय दाखवले, हात जोडून दाखवले. तो पोट धरून हसला आणि बुटांपर्यंत घेऊन गेला.

“आई, देवळात देव तरी होता का?”

“देव गेला म्हणून देऊळ संपतं होय रे?” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि सुहास, तो डोंगर. मी फळ्यावर नेहमी एकच टोक काढायची. त्याला दोन आहेत रे. समोर बसून तासभर बघितला.” दादानं चष्मा काढून पुसला.

काकूंची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. मी एम.एस. झाले, नोकरीसाठी अमेरिकेतल्याच नोव्हाय नावाच्या गावी गेले. तिथे दादाचा फोन आला, काकू झोपेतच गेल्या.

नेपल्सला गेल्या तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. एकट्या गेल्या, चार दिवस राहिल्या, जे बघायचं होतं ते बघितलं आणि कऱ्हाडला पोचून आपल्या घराचं कुलूप आपल्या हातानं उघडलं.