कॅम्परचे ब्रेक आणि आमचं नॉर्मल सामान

कॅम्पर विकायचा की ठेवायचा, या प्रश्नावर आमच्या घरात एकास एक अशी मतं पडली होती. विकायचा, हे नवऱ्याचं मत. ठेवायचा, हे माझं. मुलगी पंधरा वर्षांची, त्यामुळे तिचं मत "व्हॉटेव्हर".

नवऱ्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नव्हतं, हे आधीच सांगते. त्या दिवशी इथल्या, सातासमुद्रापारच्या कोरोमंडलच्या घाटात मीही त्याच गाडीत होते. कॅम्पर म्हणजे आमचा दोन चाकांचा ट्रेलर. मुक्कामाला पोचलं की त्याच्या पोटातून तंबू, पलंग आणि छोटा ओटा बाहेर येतो. मला तो उघडताना दर वेळी पडदा वर जाताना बघितल्याचा आनंद होतो. तर घाट उतरताना वळणाआधी नवऱ्याने ब्रेक दाबला, गाडी थांबायला तयार झाली, आणि मागून कॅम्परने तिला ढकललं. देवळाच्या रांगेत मागचा माणूस ढकलतो ना, तसंच. गाडीची शेपूट एकीकडे, कॅम्पर तिसरीकडे. कसंबसं वळण निघालं. पुढे जागा मिळाली तिथे नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला.

"डॅड, यू ओके?" मुलीने मागून विचारलं.

त्याने फक्त अंगठा वर केला. हा माणूस एरवी पार्किंग मिळालं तरी दहा मिनिटं बोलतो.

घरी आल्यावर त्याने जाहिरात टाकली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अल्बनीचे एक मराठी डेंटिस्ट लगेच तयार झाले. येत्या रविवारी संध्याकाळी ते कॅम्पर न्यायला येणार होते.

"त्या धुडाला ब्रेकच नाहीत," नवरा म्हणाला.

"आहेत. चाकांमध्ये आहेत."

"मग लागले का नाहीत?"

"कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही!"

खरंच तसं होतं. आमच्या कॅम्परच्या चाकांत विजेवर चालणारे ब्रेक आहेत. पण गाडीचा ब्रेक दाबला की मागच्या ब्रेकला किती वीज सोडायची, हे ठरवणारं एक छोटं यंत्र गाडीत बसवावं लागतं. त्याला ब्रेक कंट्रोलर म्हणतात. ज्याच्याकडून कॅम्पर घेतला तो म्हणाला होता, "लहान तर आहे, हळू चालवा." आणि आम्ही आज्ञाधारकपणे हळू चालवत होतो.

"रविवारपर्यंत वेळ दे," मी म्हटलं. "कंट्रोलर मी निवडते. रविवारी सकाळी तुझ्यासमोर थांबवून दाखवते. नाही थांबला तर डेंटिस्टसाहेबांना मी स्वतः धुऊन-पुसून देईन."

"तीसच्या वेगावरून सात मीटरच्या आत. इथला नियमच आहे तसा," नवरा म्हणाला. "आणि सरळ. वाकडा गेला तर नापास."

"वाकडं जायला मी काय तू आहे?"

यावर तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की घाटातली भीती अजून त्याच्या अंगात आहे, आणि कॅम्पर गेला तरी ती त्याच्याजवळच राहणार.

मी हिल्सबरोच्या एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. दिवसभर गोळ्या मोजता मोजता डोक्यात कंट्रोलर फिरत होता. संध्याकाळी मित्रमंडळींच्या ग्रुपवर विचारलं, तर उत्तरांचा पाऊस. हॉस्पिटलात भूल देणारे आमचे एक डॉक्टर मित्र म्हणाले, "अहो वहिनी, सगळ्यात साधा घ्या. ब्रेक दाबला की दोन-तीन सेकंदांत आपोआप जोर वाढतो. डोकं लावायला नको." मी चौकशी केली. तो कंट्रोलर घड्याळावर चालतो. तुम्ही पाय हळूच टेकवा की जीव खाऊन दाबा, तो आपल्या ठरलेल्या गतीनेच जोर वाढवणार.

मी त्यांना फोन केला. "डॉक्टर, पेशंटकडे न बघता तुम्ही भूल देता?"

"छे हो!"

"मग कॅम्परला का द्यायला सांगताय?"

घड्याळवाला बाद.

नवरा आयटीतला. विकायचं ठरवलेलं असलं तरी यंत्र म्हटलं की त्याच्याने राहवत नाही. एक दिवस जेवताना हळूच फोन पुढे सरकवला. "हा बघ. ॲपवरून चालतो. ग्राफसुद्धा दाखवतो."

"आणि उतारावर कॅम्पर डुलायला लागला तर? मी फोन उघडू? त्याला चेहरा दाखवू? त्या क्षणीचा माझा चेहरा तो ओळखेल तरी?"

"मॉम्स गॉट अ पॉइंट," मुलगी म्हणाली. तटस्थ देशाने माझ्या बाजूने केलेलं हे पहिलं विधान.

ॲपवाला बाद.

शेवटी मला हवा तो सापडला. गाडी किती जोरात मंदावते आहे हे तो स्वतः ओळखतो आणि त्याच प्रमाणात मागचे ब्रेक लावतो. यंत्र डॅशबोर्डच्या आत लपतं, बाहेर दिसते फक्त एक गोल कळ. ती फिरवली की जोर कमी-जास्त होतो, आणि दाबली की फक्त कॅम्परचे ब्रेक लागतात. कॅम्पर डुलायला लागला तर त्याला मागून धरून सरळ करायला हेच लागतं.

टाकानिनीत आमच्या घराजवळच एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. छातीभर दाढी, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. "किया ओरा" असा इथला नमस्कार करून त्याने कळ हातात दिली आणि ती कुठे बसवू म्हणून विचारलं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, डोळे मिटले आणि हात पुढे केला. अंगठा जिथे टेकला तिथे म्हटलं, "हिअर."

"बहुतेक लोक ते माझ्यावर सोडतात," तो इंग्रजीत म्हणाला.

"उतारावर तू माझ्या शेजारी बसणार आहेस का?"

तो खो खो हसला आणि तिथेच खूण केली. बसवून झाल्यावर त्याने विचारलं, कॅम्परमध्ये काय काय नेता? मी पर्स शोधत होते, तेवढ्यात नवऱ्याने उत्तर दिलं, "ओह, जस्ट नॉर्मल कॅम्पिंग स्टफ." इलेक्ट्रिशियनने त्या हिशोबाने ब्रेकचा जोर ठरवला, रस्त्यावर एक फेरी मारली आणि म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे एकदम झकास.

रविवारी सकाळी आमच्या मागच्या नव्या वसाहतीत गेलो. रस्ते झाले होते, घरं अजून यायची होती, त्यामुळे चिटपाखरू नव्हतं. नवऱ्याने टेप घेऊन खडूने सात मीटर अंतरावर दोन रेघा मारल्या. मुलगी मोबाइल घेऊन फुटपाथवर बसली. मी हट्टाने कॅम्पर पूर्ण भरून आणला होता, सहलीला नेतो तसाच. गाडी तीसवर नेली, पहिल्या रेघेवर ब्रेक दाबला, आणि मागून तोच ओळखीचा धक्का. कॅम्पर सरळ राहिला, पण दुसरी रेघ आमच्या चाकांखालून निघून गेली.

नवरा रेघेजवळ उभा होता. रागावला नव्हता. तेच मला जास्त लागलं.

"जाऊ दे," तो शांतपणे म्हणाला. "तू प्रयत्न केलास. मी त्यांना संध्याकाळचं पक्कं कळवतो."

"थांब." मी उतरले आणि कॅम्परचं झाकण उघडलं. आत दोन प्रेशर कुकर. पंचवीस माणसांचा चहा होईल असं पातेलं. तांदळाचं पोतं. मिक्सर. दगडी खलबत्ता, कारण वाटलेल्या लसणीशिवाय आमच्या मित्रमंडळींना समुद्र दिसत नाही. कॅरम बोर्ड. काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी. आणि "तुमच्याकडे जागा आहे ना" म्हणत तीन कुटुंबांनी कोंबलेल्या सतरंज्या.

"इलेक्ट्रिशियनला तू काय सांगितलंस?"

"नॉर्मल कॅम्पिंग स्टफ."

"हे नॉर्मल?"

त्याने खलबत्त्याकडे बघितलं. "आपलं नॉर्मल."

"त्याच्या नॉर्मलमध्ये दोन खुर्च्या आणि सॉसेज असतात! त्याने सडपातळ माणसाचा डोस लिहून दिलाय, आणि आपला पेशंट आहे पैलवान!"

मुलगी इतकी हसली की तिच्या हातून मोबाइल पडला.

मग मी जे रोज दुकानात सांगते तेच केलं. थोडा डोस वाढवायचा, परिणाम बघायचा, मग पुढे. कळ जराशी फिरवायची, हळू चालवत नुसती कळ दाबायची, कॅम्पर गाडीला किती मागे ओढतो ते बघायचं. एका टप्प्यावर कॅम्परची चाकं अडून रस्त्यावर किंचाळली. जास्त झालं. एक पाऊल मागे. तिथेच कळ ठेवली.

परत तीसवर. पहिली रेघ. ब्रेक. या वेळी कोणी ढकललं नाही. उलट मागून कोणीतरी पदर धरावा तसं वाटलं. गाडी थांबली. काच खाली केली. दुसरी रेघ बंपरच्या पुढे दिसत होती आणि कॅम्पर पट्टी लावून आखल्यासारखा सरळ होता.

नवऱ्याने टेपने मोजलं. मग उलट्या बाजूने मोजलं. मग खिशातून फोन काढून डेंटिस्टना लावला.

"नमस्कार डॉक्टर. अहो, सॉरी, कॅम्पर विकत नाही आम्ही… नाही नाही, पैशांचा प्रश्न नाही. बायको देत नाही."

"खरं कारण सांग," मी गाडीतून ओरडले.

त्याने माझ्याकडे पाठ केली. "आणि… ब्रेक लागतायत आता. चांगले लागतायत."

फोन ठेवून तो माझ्या दाराशी आला आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली नाही, सीट दिली. उतरून खडूच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिले.

पहिल्या वेळी त्याने गाडी फार हळू आणली. मी हातानेच खूण केली, अजून. दुसऱ्या वेळी नीट तीसवर आणली आणि रेघेवर ब्रेक दाबला. आतले कुकर एकमेकांवर आपटले, कॅम्पर जागच्या जागी थांबला. मग काच खाली आली आणि बाहेर डोकं आलं.

"दिसलं का? सरळ होता ना?"

"सरळ होता."

"थांब, अजून एकदा."

"डॅड, आय ॲम हंग्री," मुलगी म्हणाली. पण तोवर गाडी वळवायला तो रस्त्याच्या टोकाला निघूनही गेला होता.