अर्ध्या गोष्टीचा शेवट

प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या मावशींना शाळेत वीस वर्षं झाली होती, पण फळ्यासमोर उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. त्या दिवशी आली.

आठवीच्या वर्गात मूळ रहिवाशांचा धडा चालू होता. "ज्यांनी लिहून ठेवलं नाही, त्यांचा इतिहास कुठे सापडतो?" इतिहासाच्या सरांनी विचारलं.

"गोष्टींत," एक वेणीवाली म्हणाली.

सरांची कळी खुलली. मावशी त्याच लोकांतल्या, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी थेट बोलावणंच धाडलं.

मावशी ओले हात एप्रनला पुसत आल्या. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि तपासणीला आलेले साहेब. "सर, मला नाही जमायचं."

"अहो, आईनं सांगितलेली एखादी गोष्ट सांगा की!" म्हणत सरांनी त्यांना पुढे घेतलं आणि मागून दार लोटलं.

मावशींना एकच गोष्ट येत होती, तीही अर्धी. दोन बहिणी नदीकाठी येतात. नदी म्हणते, आपलं खरं नाव सांगा, मग वाट देते. धाकटी तोंड उघडते... आणि पुढे काही नाही. आईला लहानपणी दूरच्या वसतिगृहात घातलं होतं. तिथे घरची भाषा तोंडातून निघाली की पोरींना अडगळीच्या खोलीत कोंडायचे. आई परतली तेव्हा तिला गोष्ट एवढीच आठवत होती, आणि सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मावशी नदीपाशी येऊन थांबल्या. चाळीस पोरं पुढे झुकलेली.

"पुढे?" साहेबांनी विचारलं.

शेवट माहीत नाही म्हटलं, तर आईची ती खोली सांगावी लागणार, तीही या लोकांपुढे. "नदीनं वाट दिली," मावशी घाईनं म्हणाल्या. "दोघी पलीकडे जाऊन सुखानं राहिल्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी सगळं फळ्यावर लिहिलं, पोरांनी वह्यांत उतरवलं.

मधल्या सुट्टीत वेणीवाली प्रयोगशाळेत आली. "मावशी, शेवट खरा होता ना? तुम्ही एकदम भरभर बोललात."

मावशींनी हातातली परीक्षानळी खाली ठेवली. "नाही गं. शेवट मलाच माहीत नाही."

"मग सरांना सांगा ना!"

मावशींनी जाऊन सरांना सांगितलं. सर हसले. "अहो, साहेब गोष्टीची प्रत घेऊन गेलेसुद्धा. दरवर्षी तुम्हालाच बोलवा म्हणालेत. आता मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि गोष्टच ती, कोण तपासणार?"

"माझ्या आईनं तपासली असती," मावशी म्हणाल्या. पण तोवर सर हजेरीपट उघडून बसले होते.

शाळा सुटेपर्यंत सुवाच्य अक्षरातली गोष्ट फाटकाजवळच्या फलकावर लागली होती. दोन पोरी शेवटच्या ओळी मोठ्यानं वाचत होत्या. त्या जाईपर्यंत मावशी पिशवी घेऊन जिन्याच्या आडोशाला उभ्या राहिल्या. त्या पोरी गेल्या, तोवर दुसऱ्या दोघी आल्या.