आमचा किल्लेदार पडत नाही!

हौशी नाटक मंडळात चार वर्षं काढली की नाटकं विसरायला होतं, किस्से तेवढे मागे राहतात. मला आज एक संवाद धड आठवत नाही, पण किस्से न बोलावता येऊन बसतात. परवा नातीच्या शाळेत मुलांना डोळे बांधून चालवत होते. "नटांसाठी नवीन पद्धत आहे, आजोबा!" असं तिथल्या बाईंनी मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली. नवीन कसली? आम्ही हे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या दाळमंडईत केलंय, आणि त्यापायी पोलिसांना जबानीही दिलीय!

मंडईमागचं एक रिकामं गोदाम ही आमची जागा. नाटक बसवायचे साळवे सर. ते मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवत. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात त्यांनी नटांचे व्यायाम वाचले होते. "आधी नट तयार करू, नाटक काय, होईल!" असं म्हणून त्यांनी महिनाभर आम्हाला नाटकाच्या वहीला हात लावू दिला नाही. सेक्रेटरी होते कोर्टातले कारकून गोडबोले. राणीचं काम करायच्या दवाखान्यातल्या नर्स सुशीलाबाई. बाईचं काम बाईच करते म्हणून गावात कुजबुज झाली, पण बाईंनी तिला काडीची किंमत दिली नाही. मी तार ऑफिसातला, त्यामुळे नाटकातही निरोप्याच!

आणि आमचा नायक, नाटकातला किल्लेदार, सर्जेराव पहिलवान. मूळचा खर्ड्याचा, नगरला जकात नाक्यावर शिपाई. आवाज खणखणीत, मन लोण्याचं. त्याला एकच दुःख होतं. तोंडाला रंग लावला म्हणून त्याला कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. "समोरून गेलो तरी मान फिरवत्यात," असं सांगताना त्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून यायचे. खर्ड्याला प्रयोग व्हावा, वस्तादांनी तो बघावा आणि एक शब्द बोलावा, एवढ्यासाठी तो आमच्याबरोबर घाम गाळत होता.

*

पहिला व्यायाम एकाग्रतेचा. सरांनी मधोमध एक तांब्या ठेवला आणि म्हणाले, "फक्त याच्याकडे बघा. दुसरं काही मनात आणू नका."

आम्ही बघत बसलो. बऱ्याच वेळाने सरांनी गोडबोल्यांना विचारलं, "काय दिसलं?"

गोडबोले खाकरले. "पितळी तांब्या, नग एक. बुडाला पोचा. काठावर चिंचेचे डाग. मालक हजर नाही. पंचांसमक्ष पाहिला असे!"

सर म्हणाले, "छान. आता जप्त करू नका म्हणजे झालं."

*

मग आला कल्पनाशक्तीचा व्यायाम. सगळ्यांनी मिळून चहा करायचा. चूल नाही, भांडं नाही, कप नाही, सगळं मनातलं. मी फुंकर घालून चूल पेटवली. सुशीलाबाईंनी आधण ठेवलं. तेव्हा साखर रेशनवर होती आणि घरोघरी गुळाचा चहा चालायचा. सर्जेरावाने हवेतल्या डब्यात ओंजळ घातली आणि भरभरून साखर आधणात ओतली.

"अहो पहिलवान!" गोडबोले ताडकन उठले. "महिन्याची साखर आहे ती!"

"मनातली हाय की, गोडबोलेसाहेब!"

"मनातली म्हणून काय उधळायची? बाकीच्यांनी काय बिनसाखरेचा प्यायचा?"

खरंखुरं भांडण जुंपलं. शेवटी सुशीलाबाईंनी हवेतला डबा उचलला, झाकण लावलं आणि कमरेला किल्ली खोचली. मग आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने चहा घेतला. गोडबोल्यांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "पाहा, पाक झालाय नुसता!"

सर भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ हसत होते.

*

आरशाच्या व्यायामात दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने करायचं, दुसऱ्याने आरशासारखं तसंच्या तसं करायचं. सुशीलाबाईंच्या वाट्याला सर्जेराव आला. तो काय करणार? दंड थोपटला, बाईंनी थोपटला. मांडीवर थाप मारली, बाईंनी मारली. मग त्याने सावकाश मिशीला पीळ भरला. बाईंनीही नसलेल्या मिशीला झकास पीळ भरला!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाई औषध पाजायला उभ्या असताना त्यांचा हात आपोआप वरच्या ओठाकडे गेला. रोज कुरकुर करणाऱ्या एका म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि निमूट सगळा काढा पिऊन टाकला. त्यानंतर त्याने कधी तक्रार केली नाही म्हणे.

*

आता पोलिसांचं सांगतो. विश्वासाचा व्यायाम होता. एकाचे डोळे बांधायचे आणि दुसऱ्याने नुसता खांद्याला हात लावून त्याला चालवायचं. गोदामात सगळे एकमेकांवर आपटायला लागले, म्हणून सर आम्हाला घेऊन संध्याकाळी मंडईच्या मोकळ्या बोळात आले. दिवस बेचाळीसच्या धरपकडीचे. डोळे बांधलेली आठ-दहा माणसं गुपचूप चाललेली पाहून हवालदार कदम धावत आले.

"थांबा! काय चाललंय हे?"

डोळे बांधलेले गोडबोले म्हणाले, "विश्वास ठेवतोय!"

"कुणावर?"

"ते कळलं तर विश्वास कसला, साहेब!"

कदमांनी सगळ्यांना गोदामात नेऊन बसवलं आणि एकेकाची जबानी घेतली. सरांनी शांतपणे व्यायाम समजावला. कदमांची खात्री पटेना. शेवटी सर म्हणाले, "तुम्हीच बघा करून." सर्जेरावाने त्यांचे डोळे बांधले आणि पोत्यांमधून, खांबांमधून अलगद फिरवून आणलं. पट्टी सोडली तेव्हा हवालदारांचा चेहरा निवळला होता. ते हळूच म्हणाले, "इतक्या वर्षांच्या नोकरीत असं निवांत पहिल्यांदा चाललो बघा." दुसऱ्या आठवड्यापासून ते आमच्या नाटकात सैनिक झाले.

*

घोडं अडलं ते पडण्याच्या व्यायामापाशी. हाताची घडी घालायची, डोळे मिटायचे आणि मागच्या मागे अंग सोडून द्यायचं. मागचे झेलतात. सुशीलाबाई पडल्या, मी पडलो, हवालदार टोपी सांभाळत पडले. सर्जेराव मात्र खांबासारखा उभा.

"सर, मी न्हाई पडायचा. आजपतुर माझ्या पाठीला माती लागलेली न्हाई."

"अहो, आम्ही लागू देणार नाही!"

बरीच मनधरणी झाल्यावर त्याने डोळे मिटले आणि अंग सोडलं. पण कुस्तीतलं अंग ते! अर्ध्यात गर्रकन वळलं. झेलायला उभ्या असलेल्या गोडबोल्यांना काखेत घेतलं आणि काय झालं ते कळायच्या आत सेक्रेटरी जमिनीवर चीत!

सर्जेराव बिचारा कासावीस झाला. "लागलं का वं? मी मुद्दाम न्हाई केलं, अंगानं केलं!"

गोडबोले पडल्या पडल्या म्हणाले, "कार्यवृत्तात लिहा. सेक्रेटरी एकमताने पाडण्यात आले."

*

हसलो खरे, पण आमच्या नाटकाचा शेवट याच पडण्यावर होता. बाण लागून किल्लेदार मागे कोसळतो, सैनिक त्याला वरच्या वर झेलतात, राणी त्याच्या कपाळावर हात ठेवून बोलते आणि पडदा. सर्जेराव दर वेळी पालथा मरायचा!

सुशीलाबाई वैतागल्या. "मी काय यांच्या शेंडीशी बोलू?"

त्यातच खर्ड्याचा प्रयोग ठरला. वस्ताद येणार असा निरोपही आला. सर्जेरावाची झोप उडाली. पालथा पडला तर नाटक बुडणार, आणि उताणा पडून पाठ टेकली तर वस्तादांच्या डोळ्यांदेखत, अख्ख्या गावासमोर तो चीत होणार! सर त्याला म्हणाले, "नको वाटत असेल तर शेवट बदलू." तो म्हणाला, "बदलू नका. पर तुमी चौघं मला शब्द द्या. टेकू द्यायची न्हाई."

शेवटच्या प्रवेशात सैनिक होणारे सर, गोडबोले, हवालदार आणि मी, आम्ही चौघांनी शब्द दिला. आमच्यातला सगळ्यात बलदंड माणूस म्हणजे हवालदार, आणि त्यांना दम्याचा त्रास. मला खरोखर भीती वाटत होती.

*

पेट्रोलच्या टंचाईत निघालेली कोळशाच्या गॅसवरची मोटार ढकलत, धुरात काळे होत आम्ही खर्ड्याला पोचलो. दिवेलागणीला पडदा वर गेला. पहिल्या रांगेत वस्ताद बसले होते. पांढरा फेटा, काठीवर दोन्ही हात आणि नजर जमिनीकडे. सर्जेराव जीव ओतून काम करत होता, पण त्यांनी मान वर केली नाही.

शेवटचा प्रवेश आला. बाण लागला. सर्जेरावाने हाताची घडी घातली, डोळे मिटले आणि त्या पहिलवानाने आपलं सगळं अंग मागे सोडून दिलं. वळला नाही. आम्ही चौघांनी त्याला स्टेजच्या फळ्यांपासून वीतभर वर झेललं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं!

सुशीलाबाईंनी कपाळावर हात ठेवला आणि वाक्य म्हटलं. पडदा येईना! दोरी कप्पीत अडकली होती. बाईंनी वाक्य पुन्हा म्हटलं. मग मनाचं जोडून किल्लेदाराचं बालपण सांगितलं, मग त्याच्या घोड्याचं. आमचे हात थरथरायला लागले. शिट्टी वाजावी तशी हवालदारांची छाती वाजत होती. सर इंग्रजीत काही तरी पुटपुटत होते, बहुधा प्रार्थना असावी.

तेवढ्यात वस्ताद उठले. काठी टेकत थेट स्टेजवर आले. ते खाली वाकले आणि कुस्तीतल्या पंचासारखा त्यांनी सर्जेरावाच्या पाठीखालून, फळ्यांवरून, आडवा हात फिरवला. मग लोकांकडे वळून गरजले, "पाठ लागल्याली न्हाई! चालू द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोडबोले कळवळून म्हणाले, "वस्ताद, लागली म्हणा हो! आमची कंबर चाललीय!"

वस्तादांनी आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. काठी माझ्या बगलेत खोचली, फेटा घट्ट केला, गुडघ्यावर बसले आणि "व्हा बाजूला" म्हणत त्यांनी सर्जेरावाला आपल्या म्हाताऱ्या खांद्यावर घेतलं. मैदान मारलेल्या गड्याला नेतात तसं त्याला घेऊन ते स्टेजवरून खाली उतरले आणि लोकांमधून चालू लागले. मागून राणी, तिच्यामागे आम्ही. किल्लेदाराचे डोळे मिटलेले होते, पण खांदे गदगदा हलत होते आणि गालावरचा रंग वस्तादांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळत होता.

वस्तादांनी मान न वळवता त्याला हळूच दटावलं, "गप पड, लेका. मेलायस न्हवं तू?"