बसच्या छतावरचा पाइप

"डबा मला नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझी घाण दुसऱ्या कुणी डोक्यावरून न्यायची असेल, तर त्यापेक्षा मी शेतात जाईन."

आमच्या वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही तिघे पुरुष होतो. तिघांनीही खाली बघितलं. कुणी बाई संडासाबद्दल इतकं सरळ बोलेल, याची आम्हाला सवय नव्हती.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी बंगळूरच्या एका कारखान्यात बॉडी-शॉपला असिस्टंट इंजिनियर होतो. बसची चॅसी, म्हणजे इंजिन, चाकं आणि खालचा लोखंडी सांगाडा, तयार यायची. तिच्यावर भिंती, छत, खिडक्या आणि बाकं बसवायचं काम आमचं. या खेपेला मात्र काम उलटं होतं. एक जुनी प्रवासी बस आली होती. तिची बाकं काढून आत घर करायचं होतं.

घर दोघींचं. डॉक्टर इंदिरा नाडगौडा मूळच्या धारवाडच्या. मी बेळगावकडचा, त्यामुळे आमचं बोलणं मराठीत व्हायचं, मध्येच कानडी शब्द टाकत. दुसऱ्या सिस्टर फिलोमिना, मंगळूरच्या नर्स, जेमतेम पंचविशीच्या. कोलारच्या बाजूच्या खेड्यांत फिरून दोघी क्षयरोग्यांची तपासणी करणार होत्या. तीन तीन आठवडे बसमध्येच राहायचं. पुढे दवाखाना, मागे दोन बर्थ, स्टोव्हचा ओटा आणि कोपऱ्यात संडास.

बाकीच्या कामाचा प्रश्न नव्हता. अडलं होतं ते या कोपऱ्यापाशी.

रावसाहेब, म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, म्हणाले, "मग फ्लश बसवू. खाली टाकी लावू."

"पाणी कुठून आणणार?" बाईंनी विचारलं. "ज्या गावात प्यायचं पाणी मैलभरावरून येतं, तिथं मी घडाभर पाणी संडासात ओतू? आणि टाकी भरली की रिकामी कुठं करायची? त्यांच्याच तळ्यात?"

मग त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं. एका आश्रमात त्यांनी सोनखताचा संडास पाहिला होता. पाणी वापरायचं नाही. दर वेळी वरून राख, कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकायचा. भरलेली पेटी शेतातल्या खड्ड्यात रिकामी करून वर माती आणि पालापाचोळा घालायचा. काही महिन्यांनी त्याचं खत होतं.

"खड्डा मी स्वतः खणेन," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त वास येणार नाही असं करून द्या."

रावसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "कित्तूरकर, यू सी टु इट."

मला आधी हसू आलं होतं. मग मात्र मी त्या कामात गुंतलो. चामराजपेटेत आमचं भाड्याचं घर होतं. त्याच्या परसात मी प्लायवुडची पेटी बांधून प्रयोग सुरू केला. बायको, कमळ, दारात उभी राहून बघत होती.

"हे कोण वापरणार?"

"आपण. महिनाभर."

"तुम्ही वापरा. मी आधी वास घेऊन बघते, मग ठरवते."

आमच्या घरातही तेव्हा डब्याचाच संडास होता. मागच्या गल्लीतून एक बाई येऊन डबा न्यायची. कमळ म्हणाली, "चाललं हे, तर मारक्काचं एक घर तरी कमी होईल." त्या बाईचं नाव मारक्का आहे, हे मला तेव्हा कळलं. त्या घरात राहून आम्हाला चार वर्षं झाली होती.

पहिला आठवडा वाईट गेला. पेटीत सगळं ओलंगच्च झालं आणि शेजारच्या आजी परसात येईनाशा झाल्या. मग लक्षात आलं की लघवी वेगळी काढली पाहिजे. ती मिसळली की भुसा भिजतो, आणि भिजलं की कुजतं. मी बैठकीच्या पुढच्या बाजूला पत्र्याची पन्हळ बसवली आणि तिची नळी वेगळ्या कॅनमध्ये सोडली. ओल थांबली. थोडा वास मात्र राहिला.

तो घालवला मुनियप्पा मेस्त्रींनी. आमच्या सुतारकामाचे ते प्रमुख. पेटीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "सार, चुलीला धुरांडं लागतं. याला पण लागतं." पेटीतून एक पाइप सरळ वर काढायचा, छताच्या वर नेऊन सोडायचा आणि बाहेरून काळा रंगवायचा. उन्हानं पाइप तापतो, आतली हवा वर चढते आणि तिच्या जागी बैठकीतून नवी हवा आत ओढली जाते. वास खोलीत यायच्या ऐवजी पाइपातून वर जातो. टोकाला जाळी लावली की माश्याही आत येत नाहीत.

मी पाइप लावला आणि तिसऱ्या दिवशी कमळला बोलावलं. ती पेटीपाशी वाकली. नाक जवळ नेऊन तिनं दोनदा वास घेतला. मग म्हणाली, "लाकडाच्या वखारीसारखा वास येतोय." त्या दिवसापासून तीही वापरायला लागली.

बसमध्ये मी तेच सगळं केलं. पत्र्याच्या दोन पेट्या, एक वापरात आणि एक राखीव. हाताशी भुशाचा डबा. चार इंची पाइप छताच्या वर अडीच फूट. डॉक्टरबाई आणि सिस्टर मधल्या काळात एकदा बघायला आल्या. सिस्टरनं बैठकीची उंची बघितली, दाराची कडी आतून दोनदा लावून बघितली आणि त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या, कोकणीत मराठी मिसळून. "खेड्यात आम्हाला पहाटे चारला उठून जावं लागतं, सार. नाहीतर मग अंधार पडेपर्यंत थांबायचं. आता ते नको." इतकंच बोलून त्या लाजून बाहेर गेल्या.

बस द्यायला पाच दिवस होते. रावसाहेब फायनल इन्स्पेक्शनला आले. बसला क्रीम रंग होता, त्यावर निळा पट्टा. ते खूश होते. मागच्या बाजूला गेले आणि थांबले.

"हे काय आहे?"

"व्हेंट पाइप, सर."

"बेकरीची चिमणी वाटतेय. समारंभाला मोठी माणसं येणार, फोटो निघणार. एवढ्या सुंदर बॉडीवर हे? कापा."

"सर, त्याशिवाय ते चालणार नाही. वास…"

"आडवा घ्या. फ्लोअरखालून बाहेर काढा. हवा काय, कुठूनही जाते."

हवा कुठूनही जात नाही. ती वर जाते, म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. पाइप खाली वळवला तर ओढ उरणार नाही. उलट बस धावताना खालचा वारा पाइपात शिरेल आणि पेटीतला वास बैठकीतून खोलीत येईल. हे मला माहीत होतं, आणि तिथं उभं राहून मी ते दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. पण त्याच महिन्यात माझ्या प्रमोशनचा कागद रावसाहेबांच्या टेबलावर होता.

"यस सर," मी म्हणालो.

पाइप मुनियप्पांनीच कापला. मी कापायला सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले. "सरी, सार," ठीक आहे, एवढंच म्हणाले. छताच्या भोकावर त्यांनी पत्रा मारला आणि तो इतका सफाईनं घासला की जोड दिसेना.

ताबा घ्यायला डॉक्टरबाई आल्या. त्यांनी सगळं बारकाईनं बघितलं आणि बाहेर येऊन मान वर केली.

"वरचा पाइप कुठं गेला?"

रावसाहेब दहा पावलांवर पाहुण्यांशी बोलत होते.

"डिझाइन स्वल्प बदललंय," मी म्हणालो. "खालून काढलाय. काम तेच करतो."

"सरी," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग बँड वाजला, हार घातले गेले, बस गेली. पुढच्या महिन्यात मी इंजिनियर झालो.

चार महिन्यांनी गेटवरून फोन आला, डॉक्टर नाडगौडा आल्या आहेत. मी बाहेर गेलो. त्या एकट्याच होत्या आणि बस धुळीनं माखलेली होती.

"आत चला," त्या म्हणाल्या.

संडासाच्या दाराला बाहेरून दोरी बांधलेली होती. आत दोन्ही पेट्या रिकाम्या, धुतलेल्या होत्या. पहिल्या महिन्यातच वास आणि माश्या इतक्या झाल्या की दवाखान्यात पेशंट यायला कचरायला लागले, असं त्यांनी सांगितलं. एका गावच्या पाटलानं बस गावाबाहेर उभी करा म्हणून निरोप धाडला. त्यांनी भुसा वाढवून बघितला, राख बदलून बघितली, दर चार दिवसांनी खड्डे खणले. शेवटी संडास बंद केला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय. पहाटे चार वाजता तांब्या घेऊन बाहेर. मला सवय आहे. फिलोमिनाला भीती वाटायची. एका गावात तिच्या मागं कुणीतरी आलं होतं. त्यानंतर तिनं पाणी पिणंच बंद केलं. सकाळी अर्धा पेला, मग दिवसभर काही नाही. मी डॉक्टर, रोज तिच्या शेजारी बसते. माझ्याही लक्षात आलं नाही. ताप चढला तेव्हा कळलं. किडनीला इन्फेक्शन आहे. इथं हॉस्पिटलात आणून ठेवलंय."

 त्यांनी छताकडे बोट दाखवलं, जिथं मुनियप्पांचा पत्रा होता.

"कित्तूरकर, पाइप काढला तर हे होणार, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत? समारंभ झाल्यावर मी स्वतः वर चढून बसवला असता."

  रावसाहेबांपुढे तोंड उघडता आलं नाही, हे एक वेळ मी समजू शकतो. पण बाईंना कानात सांगायला मला कुणी अडवलं होतं?

पाइप पुन्हा सरळ करायला मुनियप्पांना आणि मला अर्धा दिवस लागला. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. रावसाहेबांनी ते पाहिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी संत्री घेऊन हॉस्पिटलात गेलो. सिस्टर फार वाळल्या होत्या. मी काय झालं ते सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं नाही. "तुमचा स्टोव्हचा ओटा फार छान होता, सार," त्या म्हणाल्या. "उंची अगदी बरोबर." त्या मला बरं वाटावं म्हणून बोलत होत्या. मी आणखी पाच मिनिटं बसलो आणि उठलो. बरं झाल्यावर त्या मंगळूरला घरी गेल्या. नोकरीवर परत आल्या नाहीत.

डॉक्टरबाईंनी नव्या नर्सला घेऊन त्याच बसमध्ये पुढे कितीतरी वर्षं काम केलं. संडासाबद्दल पुन्हा तक्रार आली नाही. पण पहिली तक्रार बस मागवणाऱ्या आरोग्य खात्याच्या फाइलला लागून गेली होती. कुणीतरी शेरा मारला होता, कोरड्या पद्धतीचा संडास वाहनात अयशस्वी, पुढील बसगाड्यांना डबा बसवावा.

मी एक पत्र तयार केलं. पद्धत चुकीची नव्हती, आम्ही पाइप कापला म्हणून ती बंद पडली, आता ती नीट चालते आहे. रावसाहेबांनी ते वाचलं.

"आपणच आपल्या कामाला नाव ठेवायचं?" त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "ऑर्डर आली आहे. ते डबा म्हणतायत, तर डबा द्या."

पत्र मी माझ्या सहीनं पाठवू शकलो असतो. किंवा डॉक्टरबाईंच्या हातात देऊ शकलो असतो, त्यांनी ते बरोबर जागी पोचवलं असतं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढच्या बसगाड्यांचं ड्रॉइंग मीच काढलं. मागच्या बाजूला, बंपरच्या वर, दीड फूट बाय दीड फुटाचं एक छोटं दार. डबा बाहेरून ओढून काढायला. खाली माझी सही.

काही वर्षांनी होसूर रोडवर, बोम्मसंद्राच्या अलीकडे, त्यातली एक बस झाडाखाली उभी दिसली. मी स्कूटर थांबवली. माझ्याच वयाचा एक माणूस ते दार उघडून डबा ओढत होता. दार छोटं होतं आणि उघडल्यावर त्याची फळी मध्ये येत होती. डबा तिरका केल्याशिवाय निघत नव्हता, आणि तिरका केला की त्याच्या हातावर सांडत होतं. बिजागरीची बाजू बदलली असती तर सरळ निघाला असता. ड्रॉइंग काढताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण डबा ओढणारा माणूस कसा उभा राहील याचा मी विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉइंग दुरुस्त करून पाठवलं. उत्तर आलं, तक्रार नसल्यामुळे बदलाची आवश्यकता नाही.

मी निवृत्त झाल्यापासून नवी इंजिनियर मुलं कधीतरी सल्ला विचारतात. मी सांगतो, ड्रॉइंगमध्ये काही बदललंत, तर साहेबाची सही घ्यायच्या आधी जो ते वापरणार आहे त्याला जाऊन सांगा. तो साहेबाच्या केबिनबाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला आत कुणी बोलावत नाही, आणि तक्रार कुठं करायची हे त्याला माहीत नसतं.